बरी झालेली बोटं

सिस्टरनी माझा डावा हात हातात घेतला, बोटं उजेडाकडे वळवली आणि काही न बोलता नुसत्या बघत राहिल्या. रक्त घ्यायचं होतं, टोचायला जागा बघत असतील असं मला वाटलं. मग त्यांनी माझी साखरेची वही उघडली. रोज सकाळी उपाशीपोटीचा एक आकडा, रात्री जेवणानंतर दोन तासांनी एक. पट्टीने आखलेल्या ओळी, एकही रकाना रिकामा नाही. वही मिटून त्यांनी मशीन मागितलं. बटण दाबत त्या मागे मागे गेल्या. मशीनमधली शेवटची नोंद ३७ दिवसांपूर्वीची होती.

"बोटं बरी झालीत तुमची," त्या म्हणाल्या.

ज्याला रोज बोट टोचावं लागतं, त्याच्या बोटांच्या कडांवर बारीक काळे ठिपके असतात. तिथली कातडी जराशी निबर होते. नऊ वर्षं माझ्या बोटांवर ते ठिपके होते, त्यांच्याकडे माझं लक्षही जात नसे. ३७ दिवसांत ते मिटले होते, कातडी मऊ झाली होती. आणि ती बरी झालेली बोटंच माझ्या आजारपणाची खूण होती. कुणाच्याही आधी ती त्या बाईंना दिसली.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी विचारलं, "रात्री झोप लागते का?" तेवढ्यावर मला रडू फुटलं.

पहिला खोटा आकडा लिहिला तो दिवस मला लख्ख आठवतो. १२८. मशीन समोरच होतं, पट्ट्यांची डबी शेजारी, सुई बसवलेली. हात पुढे करायचा आणि टोचायचं, एवढंच. ते जमलं नाही. दुखेल म्हणून नाही, टोचण्याचं दुखणं मला केव्हाच कळेनासं झालं होतं. जो आकडा येईल त्याचं मी पुढे काय करू, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पेन उचललं आणि १२८ लिहिलं. दुसऱ्या दिवशी १३४. मग खरं वाटावं म्हणून मधूनच एखादा १७१. नंतर लेकीने मला विचारलं होतं, "आई, खोटं लिहायचा तरी उत्साह होता ना तुला?" उत्साह कसला! वही कोरी राहिली असती तर कुणीतरी विचारलं असतं, आणि उत्तर द्यायचं त्राण नव्हतं. खोटा आकडा हा न बोलण्याचा सगळ्यात सोपा मार्ग होता.

लोकांना वाटतं, नैराश्य म्हणजे दुःख. मला दुःख होत नव्हतं, तेच तर भयंकर होतं. आवडीची माणसं घरी आली तरी ती कधी जातील असं व्हायचं, आणि गेली की बरंही वाटायचं नाही. पहाटे साडेतीनला जाग यायची. रात्रभर पायांची आग आग व्हायची, चादरीचा स्पर्शसुद्धा तळव्यांना सोसवत नसे. दिवसा अंगात जड काहीतरी ओतल्यासारखं वाटायचं. आणि या प्रत्येक गोष्टीला घरात एकच उत्तर तयार होतं: साखर वाढली असेल.

यात घरच्यांची चूक काढायला मी बसलेली नाही. थकवा, झोपेचा खेळखंडोबा, वजनातला चढउतार, भूक मरणं नाहीतर फार लागणं, कशात लक्ष न लागणं, ही सगळी वाढलेल्या साखरेचीही लक्षणं आहेत आणि नैराश्याचीही. दोन आजार एकमेकांचे कपडे घालून हिंडतात. वेगळं ओळखायचं तर ज्या गोष्टी साखर करत नाही त्या विचाराव्या लागतात: कशात आनंद वाटतो का, स्वतःबद्दल काय वाटतं, आपण इतरांना ओझं झालोय असं वाटतं का. हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. आधीच्या एका दवाखान्यात मी एकदा धीर करून म्हटलं होतं की मन लागत नाही. "साखर आटोक्यात आली की मन आपोआप ठिकाणावर येईल," असं ऐकून इन्सुलिनचे दोन युनिट वाढवून घेऊन मी परत आले. मी आठवड्यातले निम्मे दिवस इन्सुलिन घेतच नव्हते आणि कागदावर डोस चढत होता. एखाद्या रात्री शहाण्यासारखा तो सगळा डोस घेतला असता तर साखर किती खाली गेली असती, हे आज आठवलं की पोटात गोळा येतो.

आपल्या भाषेत एक गंमतशीर क्रूरपणा आहे. साखरेबद्दल मला सगळे सांगायचे, "अगं, जरा मनावर घे." आणि मनाबद्दल सांगायचे, "इतकं मनावर घेऊ नकोस." एकाच दिवशी, कधी कधी एकच माणूस. पहिल्या वाक्यात मी निष्काळजी होते, दुसऱ्यात फाजील हळवी. आजारी मी कुठल्याच वाक्यात नव्हते.

त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यासमोर नऊ प्रश्नांचा एक कागद ठेवला. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, यासाठी शून्य ते तीन गुण. बेरीज २७ पर्यंत जाते, दहा किंवा त्याहून जास्त आली की डॉक्टरांनी नीट तपासून बघायचं. माझी १७ आली. नुसत्या बेरजेवर निदान होत नाही, त्यानंतर त्या माझ्याशी चाळीस मिनिटं बोलल्या. पण इतकी वर्षं आकड्यांत जगलेल्या मला, याचाही आकडा असतो, ही गोष्ट फार मोठी वाटली. साखरेचा आकडा सगळ्यांना खरा वाटतो. माझ्या मनाला पहिल्यांदाच पुरावा मिळाला होता.

नववा प्रश्न मरणाबद्दल असतो. मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असं वाटतं का. मी बराच वेळ पेन तिथेच धरून बसले आणि मग 'काही दिवस'वर खूण केली. डॉक्टरांनी आपलं पेन खाली ठेवलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "म्हणजे नेमकं काय वाटतं?" मी सांगितलं की मरायचं असं काही मनात नाही, पण इन्सुलिन चुकलं की 'होऊ दे काय व्हायचं ते' असं वाटतं, आणि ते वाटल्यावर जरा मोकळं वाटतं. हे वाक्य मी तोवर स्वतःशीही उच्चारलं नव्हतं. त्यांनी माझ्या नवऱ्याला आत बोलावलं. पुढचे काही आठवडे इन्सुलिनचं पेन त्याच्याकडे राहिलं, रोज रात्री तो ते आणून द्यायचा आणि मी घेईपर्यंत शेजारी बसायचा. डायबिटीसच्या माणसाचं औषध चुकवणं प्रत्येक वेळी विसरभोळेपणा नसतं. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात तसलं काही येत असेल तर त्याने ते आजच्या आज, जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगावं. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नये.

मग डॉक्टरांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "समजा, उद्या सकाळी तुमचा डायबिटीस गेला. गोळ्या नाहीत, सुई नाही, पथ्य नाही. मग उठावंसं वाटेल?"

मी विचार केला. म्हणाले, "उठून काय करू?"

हा प्रश्न कशासाठी होता ते मला नंतर कळलं. डायबिटीसचा वैताग आणि नैराश्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रोजची मोजदाद, प्रत्येक घासामागचा हिशेब, डोळ्यांचं आणि किडनीचं भय, इतकं करूनही आकडा चढला की येणारी हताशा, हा वैताग डायबिटीस असलेल्या पुष्कळ जणांना कधी ना कधी येतो. तो मोजायलाही प्रश्नावल्या आहेत, त्यातली २० प्रश्नांची एक १९९५ पासून वापरात आहे. वैतागावर नैराश्याची गोळी हा उपाय नव्हे. त्याला डायबिटीसचंच ओझं हलकं करावं लागतं: उपचार सुटसुटीत करणं, नीट समजावून सांगणं, आपल्यासारख्या चार जणांशी बोलणं. ज्याला नुसता वैताग आहे, त्याची सकाळ डायबिटीस गेला तर उजळते. माझी उजळली नाही. अर्थात वैताग आणि नैराश्य एकाच घरात राहू शकतात, माझ्यात राहतही होते. पण कुणाला काय लागू पडेल हे ठरवायला दोन्हींना वेगवेगळ्या नावाने हाक मारावी लागते.

घरी येऊन मी वाचत सुटले. (वाचणं हे माझं जुनं व्यसन, तेही त्या काळात सुटलं होतं. रोज अर्धं पान, एवढंच जमायचं.) डायबिटीस असलेल्या माणसांत नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतं, असं २००१ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून मांडलं गेलं. त्याहून मला हलवून गेली ती उलटी वाट. २००८ साली अशाच एका एकत्रित पाहणीत दिसलं की नैराश्य असलेल्या माणसाला पुढे टाइप-२ डायबिटीस होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त असतो, आणि डायबिटीस असलेल्याला पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी. म्हणजे जास्त रहदारी मनाकडून साखरेकडे आहे. ताणाखाली कॉर्टिसॉल वाढतं, ते यकृताला साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचं काम अवघड करून ठेवतं. शिवाय ज्याचं मन खचलंय तो हलत नाही, झोपत नाही, औषध घेत नाही.

डायबिटीसमध्ये लघवीला गोड चव असते हे युरोपात ज्याने नोंदवून ठेवलं, त्या थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकातच या रोगाच्या कारणांत दीर्घ दुःख धरलं होतं. तेव्हा रक्तातली साखर मोजायची सोय नव्हती. समोर बसलेल्या माणसाचं तोंड बघूनच निदान करायचं. आपल्याकडे आता मशीन आलं, आणि तोंड बघणं तेवढं मागे पडलं.

उपचार सुरू करायच्या आधी रक्त तपासलं, तेही सांगते, कारण हे पुष्कळदा राहून जातं. थायरॉइड मंद असेल तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, त्यानेही थकवा येतो, मन उतरतं, पायांना मुंग्या येतात. माझं थायरॉइड ठीक निघालं. बी-१२ कमी होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मला क्षणभर आशा वाटली की एवढंच निघालं तर किती बरं! पण तेवढंच नव्हतं.

गोळीला मी फार घाबरले. साखरेच्या तीन, प्रेशरची एक, कोलेस्टेरॉलची एक, आणि आता डोक्याची? डॉक्टरांनी माझी भीती उडवून लावली नाही, गोळ्यांतला फरक समजावला. जुन्या ट्रायसायक्लिक गटातल्या गोळ्यांनी वजन वाढू शकतं, साखरही चढू शकते. मिर्टाझापिनने भूक वाढते. फ्लुऑक्सेटिनने उलट साखर खाली येऊ शकते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्याने सुरुवातीला जास्त वेळा तपासायचं. माझ्या पायांची आग त्या विसरल्या नव्हत्या. ड्युलोक्सेटिन हे औषध नैराश्यावर चालतं आणि डायबिटीसमुळे दुखावलेल्या नसांच्या वेदनेवरही. किडनी, लिव्हर आणि प्रेशर बघून त्यांनी ते कमी डोसवर सुरू केलं. उपाशीपोटीची साखर यात थोडी वर सरकू शकते, असंही आधीच सांगितलं. दुसऱ्याला दुसरी गोळी लागू पडेल. सांगायचंय ते एवढंच की ही निवड डायबिटीस डोळ्यांसमोर ठेवून करता येते, आणि आपण डॉक्टरला तसं विचारायला हवं.

पहिला आठवडा मळमळीत गेला. दुसऱ्यात काही झालं नाही. तिसऱ्यात मी गोळी बंद करणार होते. पुष्कळ जण इथेच सोडतात, आणि मला त्यांना हात धरून थांबवावंसं वाटतं. या गोळ्यांना काही आठवडे द्यावे लागतात आणि मधेच एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता असा निराळा त्रास होतो. माझं पहिलं बदललं ते पायांचं. एका पहाटे जाग आली तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि चादर पायांवर होती. मन अजून तिथेच होतं. सहाव्या आठवड्यात लेकीचा फोन आला, ती तिच्या ऑफिसातलं काहीतरी सांगत होती आणि मी मधेच विचारलं, "मग ती काय म्हणाली?" ती गप्प झाली. म्हणाली, "आई, तू कितीतरी दिवसांनी मला काही विचारलंस."

गोळीच्या जोडीला दर आठवड्याला समुपदेशन होतं. सीबीटी म्हणतात ती पद्धत, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी. पहिला गृहपाठ असा: वहीत आकड्याच्या शेजारी नवा रकाना आखायचा आणि आकडा बघितल्यावर मनात जे पहिलं वाक्य येईल ते लिहायचं. पहिल्या आठवड्यातला एक दिवस मी इथे उतरवते. २१२, 'तुला काहीच जमत नाही.' दुसरा, १४६, 'आज नशीब.' समुपदेशक बाईंनी ती दोन वाक्यं मला वाचायला लावली. मोठ्याने. चांगला आकडा आला तर नशिबाचा, वाईट आला तर माझा! नऊ वर्षं दिवसातून दोनदा मी स्वतःची परीक्षा घेत होते आणि दोन्ही निकालांत नापास होत होते. २१२ ही माहिती आहे, आदल्या रात्री काय घडलं त्याची. तो माझ्या लायकीचा दाखला नाही. हे वाचायला साधं वाटतं, अंगात उतरायला मला तीन महिने लागले.

दुसरा गृहपाठ चालायचा. इच्छा होईल तेव्हा नाही, ठरलेल्या वेळी, आणि फक्त दहा मिनिटं. इच्छा आधी येते आणि मग माणूस हलतो, असं आपण धरून चालतो. नैराश्यात ते उलटं असतं, आधी हलावं लागतं, इच्छा मागून येते. आली तर. पहिले कित्येक दिवस माझी आली नाही.

आता ते सांगते ज्याने मी जवळजवळ पुन्हा खचले होते. तीन महिन्यांनी माझ्या नऊ प्रश्नांची बेरीज १७ वरून ८ झाली होती. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ९.८ होती ती ९.५ झाली. फक्त. नवरा म्हणाला, "एवढं करून?" तो वाईट हेतूने म्हणाला नाही, पण ते मला लागलं.

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. त्यांच्याकडूनच मला त्या अभ्यासांची माहिती मिळाली. अमेरिकेत २००४ साली ३२९ लोकांवर झालेल्या एका प्रयोगात नैराश्यावर नेटाने उपचार केले, मनं सुधारली, पण एचबीए१सी हललं नाही. १९९८ सालचा एक छोटा प्रयोग होता, ५१ जणांचा. दहा आठवड्यांच्या सीबीटीनंतर ८५ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, तुलनेच्या गटातले २७ टक्के. साखरेत मात्र उपचार संपताना फरक नव्हता, तो दिसला आणखी सहा महिन्यांनी. आणि २०१० साली २१४ जणांबरोबर जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: एका नर्सने प्रत्येक रुग्णाचं मन, साखर, प्रेशर आणि कोलेस्टेरॉल एकत्र सांभाळलं, सुधारणा होत नसेल तर डॉक्टरांशी बोलून औषध बदलत राहिली, आणि वर्षभरात मनही सुधारलं आणि साखरही. हाच विचार घेऊन भारतातल्या चार दवाखान्यांत ४०४ लोकांवर झालेला प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. तिथेही दोन वर्षांनी एकत्रित उपचार घेणारे पुढे होते.

मन बरं झालं की साखर आपोआप उतरेल, ही 'साखर आटोक्यात आली की मन ठिकाणावर येईल' या जुन्या वाक्याचीच दुसरी बाजू आहे आणि तीही अपुरी आहे. दोन्हींकडे बघावं लागतं, दोन्हींची औषधं वेळेवर बदलावी लागतात, आणि कुणीतरी एकाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. माझ्या बाबतीत त्या सिस्टर ते करतात. दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येतो. आधी झोप विचारतात, मग साखर.

आणि समजा साखर उतरलीच नसती, तरी? मी लेकीला प्रश्न विचारायला लागले, पहाटे साडेतीनला छताकडे बघत पडणं थांबलं, हे साखरेत दिसलं नाही म्हणून कमी होतं का? नवऱ्याला मी हे विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझं चुकलं. मला तेवढंच मोजता येतं." त्यानंतर तो माझ्याबरोबर त्या दहा मिनिटांच्या चालण्याला यायला लागला. आता ती पंचवीस झाली आहेत.

यंदा एचबीए१सी ८.१ आहे. गोळी चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने ती घ्यायची असते, तशी घेतेय, आणि थांबवताना डॉक्टर हळूहळू कमी करणार आहेत. मधे एक आठवडा वाईट गेला. तीन दिवस टोचलं नाही, त्या तीन रकान्यांत मी काहीच लिहिलं नाही, आणि सिस्टरचा फोन आला तेव्हा तेच सांगितलं. खोट्या आकड्यांची ती ३७ दिवसांची पानं मी फाडलेली नाहीत. लेक म्हणते, काढून टाक. मला ती राहू द्यायची आहेत. त्या अक्षरांकडे बघितलं की कळतं, किती काळजीपूर्वक, किती सुबक काढली आहेत ती, आणि मी तेव्हा किती एकटी होते.

काल रात्री साडेसहा तास झोप झाली. आज सकाळी उपाशीपोटी १६४. शेजारच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून तो रिकामा ठेवला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला टोचलं होतं, तिथे ठिपका आहे.